साच्यात कोण बसलं होतं

माणूस गेला तरी त्याचा ठसा मागे राहतो, असं शोकसभेत बोलायची पद्धत आहे. सीटसाहेबांच्या बाबतीत हे वाक्य त्यांच्या हयातीतच, आणि अगदी शब्दशः खरं झालं होतं. ठसा कशाचा, हे मात्र शोकसभेत सांगायला जड गेलं असतं.

साहेब शेतीच्या यंत्रांचे इंजिनिअर. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एकाच कारखान्यात काढली. आधी त्यांनी मळणीयंत्र बनवलं. ते दाण्यांबरोबर भूस आणि भुसाबरोबर दाणे सारख्याच निष्ठेने बाहेर फेकायचं. मग बटाटे उकरायचं यंत्र. ते बटाटे उकरायचं यात वाद नव्हता, पण बटाटा वर यायचा तो फोडी होऊनच. त्यांचं पेरणीयंत्र त्या मानाने पुष्कळच यशस्वी झालं. सरळ रेषेत ते अप्रतिम चालायचं. शेत कुठेतरी संपतं आणि तिथे वळावं लागतं, यात यंत्राचा काय दोष? कंपनीने ही तिन्ही यंत्रं कसलाही गाजावाजा न करता गोदामामागे नेऊन ठेवली, आणि तिथे त्यांच्यावर वेल छान चढले.

उरली एकच गोष्ट. ट्रॅक्टरची सीट.

पत्र्याची, साच्यात दाबून काढलेली, गादीबिदी काही नाही. लांबून बघितली तर एखादं मोठं पान वाळून वाकल्यासारखी. पण तिच्यावर बसलेला माणूस दिवसभर नांगरून उतरायचा आणि पाठ धरायचा नाही. त्या ट्रॅक्टरच्या इंजिनाला ड्रायव्हरांनी आईबहिणींवरून शिव्या दिल्या, गिअरला दिल्या, ब्रेकला तर शिव्यांची एक वेगळी शाखाच काढली. सीटबद्दल कुणी कधी ब्र काढला नाही. ट्रॅक्टर भंगारात गेले तरी सीट आधी सोडवून घेतली जायची. गॅरेजात, चहाच्या टपरीवर, केस कापायच्या दुकानाबाहेर ती लाकडी ठोकळ्यावर ठोकलेली दिसायची. दुसऱ्या कंपन्यांच्या ट्रॅक्टरांवरसुद्धा लोक हीच सीट आणून बसवायचे, आणि त्या कंपन्या दुसरीकडे बघायच्या.

आणि ती सीट ज्या साच्यावरून निघाली, त्या साच्यात प्लास्टर ओलं असताना खुद्द साहेब बसले होते. कार्यालयीन भाषेत ‘पार्श्वभागाचे मापन’. त्यांच्या नातीने शाळेत ‘माझे आजोबा’ या विषयावर बोलताना भाषा अधिक सोपी केली होती. “माझ्या आजोबांचं बूड,” ती म्हणाली होती, “देशातल्या सगळ्या शेतांत आहे.” बाईंनी तिला खाली बसायला सांगितलं, पण मुलांनी पुढे आठवडाभर टाळ्या वाजवल्या.

साहेब ही हकिकत कुठेही सांगत. लग्नाच्या मांडवात, दातांच्या डॉक्टरकडे वाट बघताना, एकदा तर लिफ्ट अडकली असताना. प्लास्टर कसं घट्ट होत गेलं, आपण कसे तपस्व्यासारखे निश्चल राहिलो, शेवटी दोन फिटरांनी दोन्ही हात धरून आपल्याला कसं उपटून काढलं. सांगतील तसे फिटर वाढत. बायको शेजारी असली तर शांतपणे म्हणे, “मागच्या वेळी तीन होते.” बाकी ती काही बोलत नसे.

बोलत नसे, कारण त्या साच्यात ती बसली होती.

हे जगात दोघांनाच माहीत होतं. ती आणि ते.

झालं होतं असं. कंपनीच्या थोरल्या साहेबांनी हुकूम सोडला की सीट बाहेरून नक्कल करून आणायची नाही, आपल्या शेतकऱ्याच्या मापाची काढायची. मापं घ्यायला तरुण सीटसाहेबांना (तेव्हा ते नुसतेच साहेब होते, आणि तेही शिपाई म्हणायचा म्हणून) गावोगाव धाडलं. बरोबर लाकडी कॅलिपर, म्हणजे माप घ्यायचा भलामोठा चिमटा. पहिल्या गावात लोक हसले. दुसऱ्या गावात एका थोराड शेतकऱ्याने कॅलिपर हातात घेऊन “आधी तुमचं घेऊ, मग माझं” असं सुचवलं. तिसऱ्या गावात बातमी साहेबांच्या आधी पोचली होती, आणि वेशीवर माणसं उभी होती. साहेबांनी गाडी तशीच वळवली.

मग त्यांनी ठरवलं की सरासरी माणूस शोधत हिंडायचं कशाला. सरासरी माणूस म्हणजे आपणच. जवळजवळ प्रत्येक इंजिनिअरची आपल्याबद्दल ही समजूत असते. लाकडी ट्रेमध्ये प्लास्टर कालवलं, वर प्लास्टिकचा कागद घातला आणि बसले. पण साहेबांना पाय हलवायची सवय. बसले की गुडघा आपोआप शिवणयंत्रासारखा सुरू. उठून बघतात तो साच्यात म्हैस लोळून गेल्यासारखं झालेलं. पुन्हा कालवलं, पुन्हा बसले, पुन्हा म्हैस.

त्याच ड्रॉइंग ऑफिसात एक ट्रेसर होती. इंजिनिअर लोक पेन्सिलीने नकाशे काढत आणि ट्रेसर ते पारदर्शक कापडावर शाईने उतरवत. एक रेघ थरथरली की अख्खं कापड फुकट. ही मुलगी उंच स्टुलावर सकाळी बसली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत हलायची नाही. भूकंप झाला तर ती हातातली रेघ पुरी करून मगच टेबलाखाली जाईल, असा तिचा लौकिक होता.

साहेब सुट्टीत तिच्या टेबलापाशी गेले.

“जरा बसता का?”

“बसलेच आहे की.”

“इथे नाही. तिथे. प्लास्टरमध्ये.”

तिने ट्रेकडे बघितलं. मग साहेबांकडे बघितलं. मग पँटच्या मागच्या बाजूला लागलेलं प्लास्टर बघितलं आणि तिला सगळी परिस्थिती उमगली.

“कुणाला कळता कामा नये,” ती म्हणाली.

“हलता कामा नये,” साहेब म्हणाले.

एवढाच करार. खोलीची कडी लावून साहेब बाहेर पहाऱ्याला उभे राहिले. आत ती मासिक वाचत बसली आणि एक कथा संपवून उठली. साचा असा निघाला की पॅटर्नच्या (म्हणजे साच्यांचे लाकडी नमुने करणाऱ्या) कारागिराने त्यावरून हात फिरवला आणि नुसतंच “वा” म्हटलं. फक्त उजवीकडे एक लहानसा चौकोनी खळगा होता. तिच्या कामाच्या कोटाच्या खिशातला खोडरबर.

“बसल्याबरोबर कळलं होतं मला,” ती नंतर म्हणाली.

“मग सांगितलं का नाहीत?”

“तुम्हीच म्हणालात, हलायचं नाही.”

कारागिराने तो खळगाही इमानाने उतरवला. आजतागायत प्रत्येक सीटला तो आहे. ड्रायव्हर समजतात, पावसाचं पाणी जायला आहे. कंपनीच्या माहितीपुस्तकातही ‘पाण्याच्या निचऱ्यासाठी खास सोय’ असं छापलेलं आहे.

सीट गाजली. थोरल्या साहेबांनी भर बैठकीत विचारलं, “साचा कुणाचा?” साहेबांनी मुलीला शब्द दिला होता. ते उठून म्हणाले, “माझा.” त्या वेळी हे एका सभ्य माणसाचं खोटं होतं. पुढे टाळ्या पडल्या, बढती झाली, ‘सीटसाहेब’ हे नाव पडलं, आणि खोट्यातला सभ्यपणा हळूहळू उडून जाऊन नुसतं खोटं खाली राहिलं. बायकोला (हो, त्यांनी तिच्याशीच लग्न केलं; इतकी स्थिर बाई हातची घालवण्याइतके ते वाईट इंजिनिअर नव्हते) याची गंमत वाटायची. तिने या गुपिताचा वापर काटकसरीने केला. भांडण रंगात आलं आणि रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की ती नुसती खिडकीशी जाऊन उभी राही. साहेब मुकाट्याने भांडी घासायला घेत.

निवृत्तीच्या वेळी कंपनीने त्यांना तीच सीट पॉलिश केलेल्या लाकडी ठोकळ्यावर बसवून भेट दिली. ती बाल्कनीत आहे. साहेब तिच्यावर कधी बसत नाहीत, पाहुण्यांना म्हणतात, “स्वतःवर काय बसायचं?” बायको तिच्यावर बसून भाजी निवडते. इतकी वर्षं इतके पाहुणे येऊन गेले, पण ती तिथे इतकी फिट्ट कशी बसते हे कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक सीट बघायचे. बाई बघायचं कुणाला सुचलं नाही.

अशात एक दिवस कंपनीतून फोन आला. आवाज तरुण मुलीचा होता, आणि साहेबांनी सवयीने फोन स्पीकरवर टाकला, बायकोला ऐकू जावा म्हणून. कौतुकाचा फोन वाटला होता.

“सर, आपण जुन्या पॅटर्न शॉपमध्ये संग्रहालय करतोय. मी ते बघते. आणि सर, आम्हाला सीटचा मूळ साचा सापडलाय! प्लास्टरचा! ताडपत्रीखाली होता.”

“वा, वा,” साहेब म्हणाले. आवाजात थोडी हवा कमी होती.

“तर खाली पाटी लावायचीय, साच्यात कोण बसलं होतं त्याची. फक्त एक छोटासा प्रश्न आहे, सर. आमच्याकडे दोन झालेत.”

“दोन काय?”

“बसलेले.”

दुसरा दावेदार कोण, हे विचारायची गरज नव्हती, तरी साहेबांनी विचारलं. तो रेडिएटर होता. रेडिएटर म्हणजे साहेबांचा त्याच कारखान्यातला जुना जोडीदार. इंजिन थंड ठेवायच्या विभागात त्याने जन्म काढला; त्याचे रेडिएटर कधी तापले नाहीत, कारण तेवढं तापायचं काम तो स्वतः करायचा. साच्यात आपणच बसलो होतो असं तो शपथेवर सांगत होता.

“म्हणून म्हटलं, सर, दोघंही याल का? साच्यात बसून बघू. व्हिडिओ पण करू. मजा येईल!”

“मजा येईल,” साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

बायको बाल्कनीत मटार सोलत होती. अर्थातच बसून.

“रेडिएटर खोटं बोलतोय,” साहेब म्हणाले.

“तो काही एकटा नाही,” बायको म्हणाली.

पुढचे काही दिवस साहेबांनी तयारीत घालवले. आधी भात सोडला. मग आरशात मागून बघायचा प्रयत्न केला आणि मान धरली. शेवटी कुंड्यांची माती जुन्या परातीत कालवून, तिच्यात बसून, उठून, निघालेला साचा बाल्कनीतल्या सीटशी पट्टीने ताडून पाहिला. समोरच्या इमारतीतल्या गृहस्थांनी हा प्रकार पूर्ण बघितला आणि संध्याकाळी विचारलं, “मूळव्याधीचा काही नवा उपाय आहे का?”

“किती फरक आला?” बायकोने विचारलं.

“सहनमर्यादेच्या बाहेर,” साहेब म्हणाले. हा त्यांच्या धंद्यातला शब्द होता. सुटे भाग एकमेकांत बसेनासे झाले की वापरतात.

मग ते तिच्यासमोर येऊन बसले. “असं करू. तू घरीच थांब. तुझे गुडघे दुखतात. मी जाऊन काहीतरी सांगतो. वयाने माणूस बदलतो, प्लास्टर आक्रसतं, बघतो काय ते.”

“मी येणार.”

“कशाला उन्हात?”

“मला त्या पाटीवर माझं नाव बघायचंय.”

साहेबांना वाटलं ती थट्टा करते आहे. तिने मटारची शेंग मोडली. ती थट्टा करत नव्हती.

“अगं, तूच म्हणाली होतीस, कुणाला कळता कामा नये!”

“तेव्हा मला लोकांची भीती होती. आता त्यातले बरेच लोक उरलेलेही नाहीत.”

“आणि उरलेले काय म्हणतील?”

“तुम्हाला इतकी वर्षं काय म्हणाले?”

“मला... चांगलंच म्हणाले.”

“मग मलाही चांगलंच म्हणतील. वस्तू तीच आहे.”

साहेबांचा गुडघा हलायला लागला. त्यांनी तो हाताने दाबून धरला. बराच वेळ ते सीटकडे बघत राहिले, म्हणजे बायकोच्या आजूबाजूला जेवढी दिसत होती तेवढ्या सीटकडे.

“हे पण काढून घेतलंस तर,” ते शेवटी म्हणाले, “मी आयुष्यात केलं काय?”

हे ते हसतच म्हणाले, पण हसू नीट बसलं नाही. बायकोने थोडा विचार केला. तिला खोटं बोलून धीर देता आला असता, पण घरात खोट्याचा साठा आधीच पुरेसा होता.

“मळणीयंत्र,” ती म्हणाली.

साहेब उठून आत गेले. थोड्या वेळाने ती मटारचं भांडं घेऊन मागोमाग आली. “हे बघा,” ती म्हणाली, “मी तिथे एक अक्षर बोलणार नाही. काय सांगायचं ते तुम्ही सांगा. तुम्ही ‘माझा’ म्हणालात तरी मी घरी येऊन तुम्हाला काही म्हणणार नाही. मी फक्त बघायला येणार.”

ती भांडली असती तर साहेबांना सोपं गेलं असतं.

पॅटर्न शॉपच्या भिंतींना नवा पांढरा रंग दिला होता, तरी आत लाकडाच्या भुशाचा आणि सरसाचा जुना वास तसाच होता. कोपऱ्यात साहेबांचं पेरणीयंत्र होतं. वेल काढून टाकल्यामुळे ते जरा उघडं पडल्यासारखं दिसत होतं. मधोमध ठेंगण्या चौथऱ्यावर साचा. पिवळट पडलेला, एका कडेला टवका गेलेला. संग्रहालयवाली मुलगी एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात मार्कर घेऊन आनंदाने उभी होती. तिच्यासाठी हा दिवस निव्वळ गमतीचा होता. रेडिएटर आधीच पोचला होता. एके काळचा आडव्या बांध्याचा गडी आता सुकून काडी झाला होता, पण वाफ कायम होती.

“ये, ये,” तो म्हणाला. “चाळीस वर्षं माझ्या साच्यावर पगारवाढी घेतल्यास. आता उघड्यावर ये.”

“तू साच्यात बसला होतास?” साहेब म्हणाले. “तू तर मीटिंगमध्ये खुर्चीतसुद्धा पूर्ण बसायचा नाहीस. कधी उठून भांडता येईल, याची वाट बघत असायचास.”

“आणि तू? तुझा पाय थांबलाय कधी? ओल्या प्लास्टरमध्ये तू बसला असतास तर ताक झालं असतं!”

हे सत्याच्या इतकं जवळ गेलं की साहेबांनी घाईने विषय बदलला. “बस तू आधी. वयाने मोठा आहेस.”

“सहा महिन्यांनी.”

“तेवढ्याने काय बिघडतं? बस.”

रेडिएटर बसला. बसला म्हणजे आत उतरला. रिकाम्या बादलीत चमचा ठेवावा तसा तो डावीकडे लवंडला, सावरला आणि उजवीकडे लवंडला.

“मी बारीक झालोय,” तो तिथूनच म्हणाला. “पोटाचं ऑपरेशन झालं.”

मग साहेब बसले. ते उतरलेच नाहीत. वरच अडकले, आणि उठताना दोघांना हात द्यावा लागला. फिटर नव्हते, एका बाजूला मुलगी आणि दुसऱ्या बाजूला रेडिएटर, तोही खदखदून हसत.

“मी जाड झालोय,” साहेब म्हणाले. “ऑपरेशन झालं नाही.”

मुलीने व्हिडिओ बंद केला. तिने मनापासून खेद व्यक्त केला. दोघांपैकी कुणाचंच काही सिद्ध होत नव्हतं. “मग असं करू का, सर,” ती म्हणाली, “कुणाचंच नाव नको. आपण ‘एक अनामिक कर्मचारी’ असं लिहू. उलट छान वाटेल. म्हणजे सगळ्यांचंच काम होतं, असं.”

साहेबांच्या छातीवरचा दगड उतरला. यापेक्षा चांगलं काही घडूच शकत नव्हतं. रेडिएटरला मिळालं नाही, साहेबांचं गेलं नाही, नातीचं भाषण शाबूत राहिलं. घरी येऊन आणखी दहा वर्षं ही हकिकत सांगता आली असती, शेवटी “कंपनीने माझं नाव लावलं नाही, जाऊ द्या” अशी एक हळवी ओळ जोडून. त्यांनी मान डोलावली आणि बायको कुठे आहे ते बघितलं.

बायको साच्यात बसली होती.

तिचे गुडघे खरंच दुखत होते, आणि सगळ्या खोलीत एकही खुर्ची नव्हती. पुरुषांची हातघाई चालू असताना ती शांतपणे येऊन टेकली होती. चष्मा लावून संग्रहालयाचं माहितीपत्रक वाचत होती. साचा आणि ती यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकवायलाही जागा नव्हती.

“अय्या, बघा ना, काकूंनासुद्धा किती छान बसतंय!” मुलगी कौतुकाने म्हणाली. “म्हणजे ही सीट खरंच सगळ्यांना बसते!”

“डिझाइनच तसं होतं,” रेडिएटर अभिमानाने म्हणाला.

मुलीने कार्ड घेतलं, मार्करचं टोपण काढलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत गेली, “मूळ... साचा... एक... अनामिक... पुरुष... कर्मचारी...”

बायकोने माहितीपत्रकातून डोळे वर केले. चष्म्यावरून त्या कार्डाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा वाचायला लागली. ओठ हलले नाहीत, भुवई चढली नाही. ठरल्याप्रमाणे ती एक अक्षर बोलली नाही.

साहेबांनी आयुष्यात पुष्कळ कठीण प्रसंग निभावले होते. मळणीयंत्राच्या उद्घाटनाला मंत्र्याच्या तोंडावर भूस उडालं होतं, तेव्हाही ते डगमगले नव्हते. आता मात्र त्यांनी दोनदा घसा खाकरला.

“पुरुष खोडा,” ते म्हणाले.

“काय, सर?”

“तो शब्द खोडा. आणि अनामिकही खोडा. ही बसली होती.”

मुलीला वाटलं, सर काकूंची मस्करी करताहेत. ती हसायला लागली आणि मध्येच थांबली.

“मी हलत होतो,” साहेब म्हणाले. “दोनदा प्लास्टर फुकट घालवलं. ही हलली नाही. मी दाराबाहेर पहाऱ्याला उभा होतो. उपटून वगैरे कुणी काढलं नाही. ही कथा वाचून झाल्यावर उठली.”

“कथा फारशी चांगली नव्हती,” बायको म्हणाली. आता बोलायला हरकत नव्हती.

रेडिएटरच्या चेहऱ्यावरचा रंग वर चढत गेला. सगळ्यांना वाटलं, आता उकळणार. पण तो उकळला नाही. तो गोंधळला होता, आणि ते त्याच्या सवयीचं नसल्यामुळे त्याला काय करावं कळेना.

“पण मी बसलो होतो,” तो म्हणाला. “शपथ घेतो. पॅटर्नवाला म्हणाला, बसून बघ. वर प्लास्टिकचा कागद होता. मी बसलो आणि ते इतकं... इतकं बरोबर बसलं! मला वाटलं, माझ्याभोवतीच बसत चाललंय.”

“ते वाळलेलं होतं हो,” बायको हळुवारपणे म्हणाली.

“पण मला मऊ लागलं!”

“तसंच लागतं. ट्रॅक्टर चालवणाऱ्या प्रत्येकाला तसंच वाटलं असणार, की आपल्यासाठीच केलीय.”

रेडिएटरने साच्याच्या टणक कडेवर बोटाने टकटक केलं. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी तो जळत होता, ती त्याच्याकडे कधीच नव्हती हे त्याला पचायला वेळ लागत होता. मग तो साहेबांकडे वळला. “म्हणजे तुझाही नव्हता.”

“नव्हता.”

“मग ठीक आहे,” रेडिएटर म्हणाला, आणि त्याला खरोखरच बरं वाटलेलं दिसलं.

मुलगी आता फारच उत्साहात आली होती. एका बाईच्या मापावर देशातले सगळे बाप्ये बसून राहिले, हे तिला संग्रहालयातल्या सगळ्या इंजिनांपेक्षा आवडलं. तिने नवं कार्ड घेतलं. तिचं अक्षर उजवीकडे चढत जायचं. बायकोने एक ओळ सोसली, दुसरी मात्र सोसवली नाही. तिने हात पुढे केला आणि मुलीने मार्कर आणि कोरं कार्ड तिच्या हातात दिलं.

ती बसल्या जागी माहितीपत्रक मांडीवर धरून लिहायला लागली. पट्टी नाही, आखणी नाही, आणि अक्षरं दोऱ्यात ओवल्यासारखी. आधी तिने कार्डाच्या कोपऱ्यात चौकटी काढल्या. ड्रॉइंग ऑफिसातल्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात अशा चौकटी असतात: रचना कुणाची, तपासलं कुणी, मंजूर कुणी केलं. ट्रेसरसाठी चौकट नसते. हजारो नकाशे तिच्या हातून गेले, त्या सगळ्यांवर दुसऱ्यांच्या सह्या होत्या. आता तिने सगळ्यांत वरती एक चौकट काढली, तिच्यात ‘बसणारी: ट्रेसर’ असं लिहिलं आणि पुढे आपलं नाव घातलं. माहेरचं.

“माहेरचं?” साहेब म्हणाले.

“तेव्हा तेच होतं.”

पुढच्या चौकटीत ‘प्लास्टर’ असं लिहून तिने साहेबांचं नाव घातलं. साहेबांनी वाकून वाचलं.

“नुसतं प्लास्टर?”

“चांगलं कालवलं होतंत. एकही गुठळी नव्हती. गुठळी असती तर मला कळलं असतं.”

सगळ्या कारकिर्दीत साहेबांच्या कामाला जाणकार माणसाकडून मिळालेली ही पहिली निर्भेळ दाद होती. त्यांनी मान ताठ केली.

‘तपासले’ या चौकटीत रेडिएटरचं नाव गेलं. “तुम्ही बसून बघितलंत ना,” ती म्हणाली. “तपासणी म्हणजे तेच.” रेडिएटरने मुलीला दोन वेळा विचारलं की ही पाटी कायमची राहणार ना, आणि काचेत राहणार ना.

‘मंजूर’ ही चौकट रिकामी राहिली. थोरले साहेब कधीच वारले होते. बायकोने मार्कर उलटा धरला आणि नवऱ्यापुढे केला.

“मी?” साहेब म्हणाले. कारखान्यात त्या चौकटीपर्यंत त्यांचा हात कधी पोचला नव्हता. तिथे नेहमी वरच्याची सही असे, बहुतेक वेळा न बघता केलेली. साहेबांनी कार्ड घेतलं. वरपासून खालपर्यंत वाचलं. माहेरच्या नावाशी क्षणभर थांबले. मग पेरणीयंत्रावर कार्ड टेकवून सावकाश, एकही अक्षर न गाळता, सही केली. यंत्र पहिल्यांदाच न वळता उपयोगी पडलं.

“आता तिघांचा एक फोटो घेऊ या,” मुलगी म्हणाली. “काकू, जरा उठता? मध्ये तुम्ही उभ्या राहा.”

“फोटो बसलेलाच काढ,” बायको म्हणाली. “उभं राहून मी इथे काहीच केलेलं नाही.”